उन्हाळ्यात दगडासारखी माती, भिजवल्यावर सीबीआर २.६. सबग्रेडसाठी कुठला आकडा धरायचा?

पहिला_रस्ता

नमस्कार. दोन वर्षं इमारतींच्या कामावर काढली, रस्त्याची ही माझी पहिलीच साइट. चार किलोमीटरचा दुपदरी रस्ता आहे. त्यातला मधला चौदाशे मीटरचा तुकडा काळ्या चिकणमातीतून जातो आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

सबग्रेडचा, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या मातीचा, वरचा थर दाबून झाला आहे. बारा टनी व्हायब्रेटरी रोलर फिरला की पृष्ठभागावर चाकाची रेघसुद्धा उमटत नाही. पहार मारली तर ठणकन आवाज येतो. वाळू भरून घनता काढली, ती प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९७ टक्के आली. सगळे खूश. मग सीबीआरचे (मातीत दांडा घुसवून तिची ताकद टक्क्यांत मोजणाऱ्या चाचणीचे) निकाल आले आणि माझी झोप उडाली.

आकडे देतो. लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते) ६२, प्लास्टिक लिमिट (ज्याच्या खाली ती मळता येत नाही, तडकते) २७. फ्री स्वेल, म्हणजे पाण्यात मोकळी सोडल्यावर फुगणं, ६० टक्के. कमाल कोरडी घनता १.५८ ग्रॅम प्रति घन सेंमी, ओएमसी (ज्या ओलाव्याला माती सर्वांत घट्ट दाबली जाते) २२ टक्के. जागेवर दाबताना ओलावा १४ टक्के होता. पाण्याचे टँकर कमी पडत होते, आणि कोरड्यातच रोलर इतका छान बसतोय तर पाणी कशाला, असं सगळ्यांचं मत पडलं. त्याच ओलाव्याला आणि घनतेला साचा भरून न भिजवता सीबीआर केला तर १५ आला. तसाच दुसरा साचा चार दिवस पाण्यात ठेवून केला तर २.६. डिझाइनमध्ये ८ धरला आहे.

कंत्राटदार अनुभवी माणूस आहे, वाईट हेतू अजिबात नाही. तो म्हणतो, "पाऊस येईपर्यंत वर डांबर पडलेलं असेल. पाणी मातीपर्यंत जाणार कुठून? फार वाटत असेल तर खडीचा थर दीडशे मिमीने वाढवू."

मला दोन गोष्टी कळत नाहीत. चार दिवस पाण्यात बुडवलेली माती आणि रस्त्याखालची खरी माती एकच समजायची का? आणि खडी वाढवून हा प्रश्न सुटतो का? थर उघडा आहे तोवर निर्णय घ्यायचा आहे.

---

ओली_माती

मी ३१ वर्षं मातीच्या प्रयोगशाळेत काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळे आकडे ओलाव्यासकट दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक नुसतं "९७ टक्के आलं" एवढंच सांगतात.

आधी ते १५ आणि २.६ म्हणजे नेमकं काय ते बघू. सीबीआरमध्ये ५० मिमी व्यासाचा दांडा मिनिटाला १.२५ मिमी या वेगाने मातीत घुसवतात. प्रमाण म्हणून घेतलेल्या ठेचलेल्या खडीत तो अडीच मिमी घुसायला १३७० किलो भार लागतो. तुमच्या कोरड्या साच्याला साधारण २०५ किलो लागले. भिजलेल्या साच्याला जेमतेम ३६ किलो. माती तीच, घनता तीच, फक्त मधे चार दिवस पाणी होतं.

कोरडी चिकणमाती दगडासारखी का लागते, तर तिच्या बारीक कणांमध्ये अडकलेलं थोडंसं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. पाणी जितकं कमी तितकी ही ओढ जास्त. तुमची पहार ठणकन वाजते ती या ओढीमुळे. पाणी वाढलं की ती सैल पडत जाते आणि पोकळ्या पाण्याने भरल्या की जवळजवळ संपते. म्हणजे आज जी ताकद दिसते ती ओलाव्याकडून उसनी आणलेली आहे.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशोब करा. कणांची विशिष्ट घनता २.७ धरू. ९७ टक्के म्हणजे कोरडी घनता १.५३. या घनतेला सगळ्या पोकळ्या पाण्याने भरायच्या तर ओलावा २८ टक्क्यांच्या वर लागतो. तुमच्याकडे १४ आहे. म्हणजे निम्म्या पोकळ्या हवेने भरलेल्या आहेत आणि पाण्याची वाट बघत उघड्या आहेत. हीच माती ओएमसीला याच घनतेपर्यंत दाबली असती तर पोकळ्यांपैकी ७८ टक्के जागा पाण्याने आधीच भरलेली असती, नव्या पाण्याला शिरायला जागा थोडी राहिली असती आणि फुगणंही कमी झालं असतं. घनतेचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसेल, पण आतली रचना वेगळी. कोरड्यात दाबलेल्या चिकणमातीत ढेकळं ढेकळांच्या रूपातच राहतात, रोलर फक्त त्यांना जवळ ढकलतो. ढेकळांमधल्या फटी तशाच राहतात आणि पुढे पाण्याचा रस्ता त्यांच्यातूनच होतो. वाळू भरून घनता काढताना खड्डा ढेकळात पडला की फटीवर, यावरही आकडा वरखाली होतो. तुमच्या ९७ वर मी फार विसंबणार नाही.

"वर डांबर पडलं की पाणी जाणार कुठून" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय. पाणी साईडपट्टीतून येतं. गटार तुंबलं की बाजूने येतं. डांबराला पहिली केसाएवढी भेग गेली की वरून येतं. चिकणमातीत ते खालूनही वर चढतं, आणि केशाकर्षणाने कित्येक मीटर चढू शकतं. यातलं काहीच झालं नाही तरी एक गोष्ट होतेच. उघड्या जमिनीतून रोज ओलावा उडून जातो, डांबराने ती वाट बंद होते. खालून येणारा ओलावा थरात साठत राहतो. चिकणमातीत तो बऱ्याचदा प्लास्टिक लिमिटच्या आसपास जाऊन स्थिरावतो. तुमची प्लास्टिक लिमिट २७ आहे, पोकळ्या भरायला लागणारा ओलावा २८. कंत्राटदाराला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

भिजवण्यामागे इतिहास आहे. ओ. जे. पोर्टर यांनी कॅलिफोर्नियात १९२८-२९ च्या सुमारास फसलेल्या रस्त्यांचा तपास केला. खालच्या मातीने पाणी शोषून घेतलं आणि ती चाकाखालून बाजूला सरकली, हे त्यांना मोठं कारण सापडलं. त्या तपासातून सीबीआर आला. चार दिवस भिजवणं हा त्या चाचणीचा गाभा आहे. माती तिच्या सर्वांत वाईट दिवसांत किती भार घेईल ते त्यातून कळतं.

एक विचारते. भिजवताना साच्यावर तिपाई ठेवून डायल गेज लावलं होतं का? किती फुगली? तो आकडा मला सीबीआरपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

---

पहिला_रस्ता

ताई, खूप आभार. गेज लावलं होतं, वहीत आहे पण रिपोर्टमध्ये आलं नाही. १२७ मिमीचा नमुना ५.७ मिमी फुगला.

---

ओली_माती

म्हणजे साडेचार टक्के. तेही साच्यावर पाच किलोची वजनं ठेवलेली असताना.

आता खडी वाढवण्याबद्दल. जाड थराने चाकाचा भार पसरतो, मातीवर येणारा दाब कमी होतो, हे खरंच आहे. माती नुसती कमजोर असती तर दीडशे मिमी वाढवण्याला काही अर्थ होता, जाडीचा हिशोब नव्याने मांडून बघता आला असता. पण तुमची माती कमजोर आहे आणि फुगणारीही आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत. खडी, डांबर सगळं मिळून ६०० मिमी जाडी धरा. घनमीटरला २.२ टन वजन. म्हणजे चौरस मीटरला १.३ टन, सुमारे १३ किलोपास्कल. अशी माती फुगताना ५० किलोपास्कलचा दाब सहज देते, शंभर ओलांडणंही तिला अवघड नाही. दीडशे मिमी खडीने त्या तेरात तीन-साडेतीनची भर पडेल. एवढ्या वजनाला ही माती जुमानणार नाही.

शिवाय ती खडी पाणी धरते. खाली चिकणमाती, दोन्ही बाजूंना चिकणमातीच्या साईडपट्ट्या आणि मधे पोकळ खडी, म्हणजे रस्त्याखाली हौद तयार झाला. पाणी बाहेर पडायला वाट हवी. खडीचा निचरा थर साईडपट्टीच्या आतून थेट उतारापर्यंत बाहेर काढा आणि सबग्रेडच्या पृष्ठभागालाच आडवा ढाळ द्या. वरच्या डांबराला ढाळ देतो, खालची माती मात्र सपाट किंवा वाटीसारखी सोडून देतो, हे मी खूप वेळा पाहिलंय.

एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती अजून मनाला लागते. एका कामाचे निकाल मीच तयार केले होते. पहिल्या पानावर न भिजवलेला सीबीआर, दुसऱ्या पानावर भिजवलेला. पुढे फक्त पहिलं पान गेलं. मी स्वतः जाऊन सांगायला हवं होतं, गेले नाही. पहिला पावसाळा रस्त्याने छान काढला. दुसऱ्या वर्षी कडेपासून मीटर-दीड मीटर आत लांबच लांब भेगा पडल्या, चाकांच्या वाटा खचल्या. तपासाला खड्डा घेतला तेव्हा मी हजर होते. खडीच्या तळाचे ७०-८० मिमी मातीत रुतून लोण्यासारखे झाले होते आणि त्याखालच्या मातीत मी स्टीलची पट्टी हाताने दाबली तर ती अर्धी आत गेली. दोन वर्षांपूर्वी त्याच थरावर रोलरची रेघ उमटत नव्हती. त्यानंतर मी कधीही दोन आकडे दोन पानांवर लिहिले नाहीत.

तुमच्या साइटवर आजच करता येईल असं काही हवं असेल तर थरातलं मुठीएवढं ढेकूळ फोडून घ्या, बादलीत पाण्यात ठेवा आणि घड्याळ लावा. कंत्राटदाराला शेजारी उभं करा.

---

जाडी_किती

थोडं वेगळं मत मांडतो. मी रस्त्यांचं डिझाइन करतो. चार दिवस बुडवलेला सीबीआर सगळीकडे डोळे झाकून वापरला की कोरड्या प्रदेशांत थर नाहक जाड होतात. जिथे भूजल खूप खोल आहे, पाऊस कमी आहे आणि निचरा चोख आहे, तिथे रस्त्याखालची माती कधीच पूर्ण भिजत नाही. अशा ठिकाणी जुन्या रस्त्याखालून नमुने काढून प्रत्यक्ष ओलावा मोजावा आणि त्या ओलाव्याला ताकद काढावी, हे जास्त शास्त्रीय.

पण इथे मी ताईंच्या बाजूने आहे. साडेचार टक्के फुगणाऱ्या मातीला ही सूट मी देणार नाही. फुगणं सगळीकडे सारखं होत नाही, कडेला जास्त, मध्याखाली कमी. जिथे एखादं मोठं झाड पाणी ओढतं तिथे उलट माती आकसते. कमजोरीचा हिशोब जाडीने करता येतो, असमान हालचालीचा करता येत नाही.

जाडी ठरवताना आम्ही दोन गोष्टी तपासतो: डांबराच्या तळाशी येणारा ताण आणि सबग्रेडच्या माथ्यावर मातीचं उभं दबणं. दुसरी गोष्ट चाकांच्या वाटा कधी खचणार ते ठरवते. आणि आसावरचा भार दुप्पट झाला की नुकसान दुपटीवर थांबत नाही, साधारण सोळा पटीवर जातं. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये मोठी रस्ताचाचणी झाली, हा चौथ्या घाताचा ढोबळ नियम तिच्यातून आला. त्यामुळे ओल्या दिवसांतली थोडीशी जास्त भरलेली वाहनंही रस्त्याचं बरंच आयुष्य खाऊन जातात.

---

चुना_आणि_रोलर

मी साइटवरचा माणूस, पुस्तकी कमी. अशा मातीत चुन्याचं काम तीन रस्त्यांवर केलंय, तेवढ्यावर बोलतो.

दोनच मार्ग आहेत. वरची अर्धा मीटर माती काढून चांगला मुरूम आणून भरा, किंवा आहे त्या मातीत चुना मिसळा. मुरूम जवळ आणि भरपूर असेल तर पहिला सोपा. फक्त मुरमाचाही भिजवलेला सीबीआर करा, सगळा मुरूम चांगला नसतो. काही मुरूम हातात घेतला की छान वाटतो आणि पाणी लागलं की माती होतो.

चुना घालायचा तर पहिली चूक घाईची होते. चुना टाकला, फिरवला, लगेच रोलर घातला की काम फुकट जातं. पहिल्या मिसळीनंतर माती एक-दोन दिवस ओली ठेवून मुरू द्यायची. तेवढ्यात चिकटपणा जातो, ढेकळं भुसभुशीत होऊन फुटतात, हाताला रव्यासारखी लागते. मग परत फिरवायची, पाणी द्यायचं, मग रोलर. आधी जे ढेकूळ कुदळीला ऐकत नव्हतं ते बोटांनी फुटतं, हे पहिल्यांदा बघाल तेव्हा तुमचा तुमच्यावर विश्वास बसणार नाही.

प्रमाण प्रयोगशाळा सांगेल, पण अंदाज घ्या: ३०० मिमी थर, ४ टक्के चुना, घनमीटरला दीड टन माती धरली तर एका चौरस मीटरला १८ किलो. २५ किलोची गोणी १.४ चौरस मीटरला. जमिनीवर चुन्याने चौकोन आखून प्रत्येकात एक गोणी फोडा. ढीग करून पसरवू नका, कुठे ८ टक्के पडतो कुठे १.

खोलीपर्यंत चुना पोचला का ते बघायला खड्डा करून भिंतीवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडा. चुना असेल तिथे गुलाबी होईल. एकदा आमच्याकडे वरचे २०० मिमी गुलाबी आणि खालचे १०० काळे निघाले होते, मशीनचे दात झिजले होते. ते परत केलं.

आणि डोळे सांभाळा. वाऱ्याच्या दिवशी काम करू नका, माणसांना चष्मे आणि हातमोजे द्याच. ओल्या त्वचेला चुना भाजतो. मी एका पोराचा डोळा जाता जाता वाचलेला पाहिलाय.

---

ओली_माती

अगदी बरोबर लिहिलंत. त्यात एवढंच घालते: चुना मिसळण्याआधी मातीतलं सल्फेट तपासा. ते जास्त असेल तर चुना, मातीतलं अॅल्युमिना आणि सल्फेट मिळून असे स्फटिक तयार होतात जे स्वतःच फुगतात, आणि औषधच दुखणं होऊन बसतं. सेंद्रिय पदार्थ जास्त असले तरी चुना नीट काम करत नाही.

जाडी_किती यांचा मुद्दा मला मान्य आहे. प्रत्यक्ष ओलावा मोजून काम करणारे लोक असतील तर मी कधी वाद घालणार नाही. माझा अनुभव असा की सूट घेणारे बरेच भेटतात, जुन्या रस्त्याखाली खड्डा घेऊन ओलावा मोजणारे फार थोडे.

---

पहिला_रस्ता

आज सकाळी बादली केली. ढेकूळ घातल्याबरोबर बुडबुडे यायला लागले. ताईंनी हवेने भरलेल्या पोकळ्या म्हटलं होतं ते डोळ्यांनी दिसलं. सहा मिनिटांत कडा गळायला लागल्या, वीस मिनिटांत तळाशी चिखलाचा ढीग. कंत्राटदार पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा होता. काही बोलला नाही. मग स्वतःच म्हणाला, "टँकर वाढवले असते तर बरं झालं असतं."

आमच्याकडे डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर आहे, आठ किलोचा हातोडा ५७५ मिमीवरून पडणारा. कोरड्या थरावर एका ठोक्याला १२-१४ मिमी जात होता. मग पुलाच्या मोरीजवळ टँकर गळून चार-पाच दिवस डबकं साचलं होतं तिथे लावला. एका ठोक्याला ८० मिमी. नेहमीच्या सूत्रात घातलं तर सीबीआर ३ च्या आत येतो. म्हणजे प्रयोगशाळेतला २.६ माझ्या साइटवर आधीच हजर होता, मी त्याला गळतीचा चिखल समजून ओलांडून जात होतो.

मुरूम लांब आहे, त्यामुळे चुन्याकडे वळतोय. वरिष्ठांना दोन्ही सीबीआर, फुगण्याचा आकडा आणि बादलीचे फोटो एकाच पानावर पाठवले. ३, ४ आणि ५ टक्क्यांचे नमुने करायला होकार मिळाला. नमुने कुठून घेऊ आणि किती दिवसांनी तपासू?

---

ओली_माती

चौदाशे मीटरमध्ये एकच माती आहे असं धरू नका. चालत जा, रंग, भेगांची रुंदी, गवत बदललं की खड्डा घ्या. किमान पाच-सहा ठिकाणं होतील. त्यातलं एक ती मोरी, कारण पाणी तिथे पुन्हा येणार. सगळ्या नमुन्यांची लिक्विड लिमिट आधी करा आणि सर्वांत जास्त येईल त्या मातीवर चुन्याचं प्रमाण ठरवा, सरासरीवर नको. सल्फेटसाठी प्रत्येक ठिकाणची माती वेगळ्या पिशवीत ठेवा.

चुना मिसळलेली माती एक दिवस झाकून ठेवा, मग ओएमसी आणि घनता नव्याने काढा. चुन्याने ओएमसी वाढते आणि कमाल घनता उतरते, जुना १.५८ चालणार नाही. साचे भरल्यावर सात दिवस ओलं ठेवून मुरू द्या, त्यानंतर चार दिवस पाण्यात, गेज लावून. आणि या वेळी फुगण्याचा आकडा रिपोर्टमध्ये यायला हवा, वहीत राहायला नको.

मधल्या काळात तो थर उघडा राहील. अवकाळी पावसाची शक्यता असेल तर ग्रेडरने वर ढाळ काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे चर मोकळे करा आणि भरलेले डंपर त्यावरून जाऊ देऊ नका. नमुन्यांचे आकडे आले की इथेच टाका, बघून सांगते.